घरच्या शिवणासाठी कापड: कुठे घ्यावे, कधी घ्यावे, काय पाहून घ्यावे

शिलाई मशीन विक्री-दुरुस्ती व शिवणवर्ग, पुणे
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवी मशीन घरी गेली की थोड्याच दिवसांत ग्राहकांचा फोन येतो आणि तो बहुतेक वेळा मशीनबद्दल नसतो. "चांगलं कापड कुठे मिळेल? सेल कधी असतो?" हे विचारायला असतो. आम्ही कापड विकत नाही आणि कुठल्याही कापड दुकानाकडून कमिशन घेत नाही. त्यामुळे वर्गात आणि दुरुस्तीच्या टेबलावर रोज जे कापड हाताखालून जाते, त्यावरून जे समजले ते इथे मोकळेपणाने लिहीत आहोत.

आमचे सांगणे एकच आहे. मीटरचा भाव विचारण्याआधी काय शिवायचे ते ठरवा आणि तो कपडा तयार होईपर्यंत एकूण किती पैसे लागतील ते काढा. कुठल्या दुकानात जायचे आणि कुठला सेल आपल्या कामाचा, हे त्या हिशेबावरून ठरते.

आधी पन्हा विचारा

दुकानात तागे रचलेले असतात आणि प्रत्येकावर मीटरचा भाव लिहिलेला असतो. पण एका ताग्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच, दुसऱ्याचा ४४ आणि तिसऱ्याचा ५८. या तिघांच्या भावांची थेट तुलना होत नाही. उदाहरण घ्या. पुरुषांच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ पन्ह्याचे साधारण अडीच मीटर लागते, ५८ पन्ह्याचे १.६० मीटर पुरते. पहिले १८० रुपये मीटर असेल तर शर्टाचे कापड ४५० रुपयांना पडले. दुसरे २६० रुपये मीटर असूनही ४१६ रुपयांतच काम झाले. ताग्यावरचा आकडा पाहून स्वस्त वाटलेले कापड प्रत्यक्षात महाग निघाले.

कुर्त्याचेही तसेच. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ पन्ह्याचे अडीच मीटर धरतात, ५८ पन्ह्यात दोन मीटरच्या आत बसते. मात्र घेर, कळ्या किंवा उरेब (तिरपे) कापलेले तुकडे असतील तर हा हिशेब बदलतो. चौकडी किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर जुळवणीसाठी पाव ते अर्धा मीटर जास्त घ्यावे. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण घेऊन कुर्ता शिवायचा बेत असेल तर कागदाचे कटिंग सोबत न्या आणि दुकानातच मांडून बघा.

जुन्या दुकानांत अजूनही कुणी वारात बोलतात. एक वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे ३९.३७ इंच. पाच वार आणि पाच मीटर यांत जवळजवळ ४३ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे एका बाहीचे कापड.

पुण्यात

ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, टू बाय टू रुबिया (ब्लाउजचे सुती कापड) हे सगळे लक्ष्मी रस्त्यावरच्या आणि आसपासच्या मॅचिंग सेंटरमध्ये घ्यावे. रंगांचा इतका साठा दुसरीकडे क्वचितच मिळतो. साडी सोबत नेल्याशिवाय मात्र जाऊ नका. मोबाइलमधल्या फोटोवरून रंग जुळवला की घरी आल्यावर तो हमखास वेगळा दिसतो.

लेस, बटणे, गोटा, हुक, मणी यांसाठी तुळशीबाग आणि रविवार पेठ. रविवार पेठेतल्या कापडगंजात घाऊक व्यवहार चालतो. तिथे एका ब्लाउजपुरते मागायला जाऊ नये, पण वर्गातल्या चार-पाच जणींनी मिळून अस्तराचा किंवा पॉपलिनचा अख्खा तागा घेतला तर भावात चांगला फरक पडतो. आमच्या विद्यार्थिनींना आम्ही हेच सुचवतो.

शिकण्यासाठी आणि नव्या कटिंगची चाचणी घेण्यासाठी मांजरपाट घ्या. ते कोरे, न धुवट केलेले सुती कापड असते. त्यावर खडूच्या खुणा स्पष्ट उमटतात, उसवून पुन्हा शिवता येते आणि महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी बगल कुठे ओढते ते समजते. अनारकली किंवा प्रिन्सेस कट पहिल्यांदा शिवताना मांजरपाटावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, हे आम्ही अगदी मनापासून सांगतो.

मुंबईची फेरी

वर्षातून एखादी फेरी मारायची असेल तर मंगलदास मार्केट. ते क्रॉफर्ड मार्केटजवळ आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत जाता येते. आता मेट्रो ३ चे काळबादेवी स्थानकही झाले आहे. अरुंद बोळांत ओळीने दुकाने आहेत: सुती, रेयॉन, शिफॉन, ब्रोकेड, अस्तर. रविवारी मार्केट बंद असते, शनिवारी गर्दी फार. मधल्या वारी सकाळी जावे. पहिल्या बोळातल्या पहिल्या दुकानात खरेदी करू नका. एक पूर्ण फेरी मारून भाव ऐका आणि मगच थांबा, कारण तोच छापा चार दुकानांत वेगवेगळ्या भावाने दिसतो. जवळच मुळजी जेठा मार्केट आहे, पण तो मुख्यतः घाऊक बाजार. लेस आणि भरतकामाच्या काठांसाठी भुलेश्वरला जा. दादरला हिंदमाता परिसरात साड्या आणि ड्रेस मटेरियल मिळते. ठाणे-कल्याणकडच्या ग्राहकांना उल्हासनगरचा जपानी बाजार जवळ पडतो.

कोल्हापूर-सांगलीकडे नातेवाईक असतील तर इचलकरंजीचा विचार करा. यंत्रमागाच्या या गावात सुती कापड जिथे विणले जाते तिथेच पाहता येते. सोलापूरला गेलात तर टॉवेलचे कापड आणि चादरी. लहान मुलांचे बाथरोब आणि स्वयंपाकघरातले हातपुसणे शिवायला त्याहून चांगले काही नाही.

दुकान कसे पारखावे

चांगला दुकानदार तागा उलगडून दाखवतो, दाराशी नेऊन उजेडात बघू देतो आणि "हे प्युअर आहे का?" या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. प्रश्न थोडा बदलून विचारा: "यात सुती किती, पॉलिएस्टर किती?" मिलच्या कापडाच्या किनारीवर कंपनीचे नाव छापलेले असते, अनेकदा धाग्याचे प्रमाणही असते. ते वाचा.

बाकी परीक्षा हातानेच करायची. कापड मुठीत दहा सेकंद घट्ट धरून सोडा: शुद्ध सुती आणि लिनन चुरगळते, पॉलिएस्टरचे मिश्रण लगेच मोकळे होते. दोन बोटांत चोळा: पांढरी भुकटी पडली तर कापडाला खळ भरपूर आहे, धुतल्यावर ते झिरझिरीत होणार. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासा: रुमालाला रंग लागला तर फिक्या कापडाशी त्याची जोडी लावू नका. चौकडी असेल तर आडवी रेघ किनारीशी काटकोनात आहे का ते पाहा, कारण तिरपी गेलेली चौकडी कुठल्याही शिवणीने सरळ होत नाही.

खात्रीच करायची असेल तर किनारीचे चार धागे काढून घरी जाळून पाहा. चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्याची काळी गोळी बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी फुटत नाही. रेयॉन मात्र सुतीसारखेच जळते, तिथे ही परीक्षा उपयोगी नाही.

रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क आणि खादीसाठी खादी मार्क पाहावा. अजरख किंवा कलमकारी या हाताने केलेल्या कामाच्या नावाने स्क्रीन प्रिंट सर्रास विकले जाते. ठसा हाताने मारलेला असेल तर नक्षीच्या जोडावर थोडी सरकासरकी दिसते. प्रत्येक फूल हुबेहूब सारखे आणि मागची बाजू पांढरीफटक असेल, तर हातछपाईचा भाव देऊ नका. स्क्रीन प्रिंट वाईट नसते, फक्त त्याचा भाव वेगळा असतो.

मोजताना मीटरची पट्टी शासनाच्या वैधमापन विभागाचा शिक्का असलेली हवी आणि कापड ताणून मोजलेले नसावे. टी-शर्टसारख्या होजिअरीच्या कापडात ताणून मोजल्याने बराच फरक पडतो. कात्री लावण्यापूर्वीच हे बोलावे, नंतर बोलून उपयोग नाही. आणि बिल घ्या. कापडावर ५ टक्के जीएसटी असतो. तो लागतो म्हणून बिल टाळणाऱ्या दुकानात सदोष माल निघाला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून गप्प बसू नका. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. रंग आवडला नाही म्हणून कापलेले कापड परत देणे मात्र यात येत नाही आणि तसा आग्रह दुकानदाराला धरूही नये.

सेल

आषाढात लग्ने थांबतात, पावसाने बाजार मंदावतो आणि श्रावणापासून सणांचा माल लावायला दुकानदाराला जागा हवी असते. म्हणून मान्सून सेलमध्ये खरोखर चांगले कापड बाहेर येते, विशेषतः उन्हाळ्यातले उरलेले सुती आणि मलमल. तमिळनाडूतला आडी सेल याच महिन्यांतला. गौरी-गणपतीच्या आधी आणि दसरा-दिवाळीत नवा माल बघायला जरूर जा, पण तेव्हा भावात सवलत मागण्याची वेळ नसते.

पितृपक्षात अनेक जण नवे कापड घेत नाहीत. ज्यांच्या घरी ही अडचण नाही त्यांनी त्या पंधरवड्यात जावे. दुकानात गर्दी नसते, माणसाला वेळ असतो, वीस तागे उलगडून दाखवायला कुणी कंटाळत नाही. २ ऑक्टोबरपासून खादी भांडारांत सूट सुरू होण्याची जुनी रीत आहे. सुती खादी आणि मलमल तेव्हा घ्यावी. संक्रांतीसाठी मागवलेल्या काळ्या कापडातले काही सण झाल्यावर उरलेले असते, ते भाव कमी करून मागायला हरकत नाही.

आता पाट्यांचा हिशेब. "२० टक्के अधिक २० टक्के" म्हणजे ४० नव्हे, ३६ टक्के: शंभराचे आधी ऐंशी, मग ऐंशीवर वीस टक्के. "तीन मीटरवर एक मीटर मोफत" म्हणजे २५ टक्के सूट, तीही चार मीटर लागणार असेल तरच. अडीच मीटर हवे असताना चार आणले तर घरच्या कपाटात दीड मीटर पडून राहते.

सेलच्या कापडाची घडी पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. फार दिवस पडून राहिलेल्या ताग्यावर घडीच्या रेषेवर रंग उडालेला असतो, पांढऱ्यावर पिवळी रेघ असते आणि कधी घडीवरच धागा कुजलेला असतो. घडी दोन्ही हातांत धरून हलकेच ताणून पाहा. स्ट्रेच कापड पडून राहिले की त्याचा ताण मरतो, तेही ओढून सोडून तपासा. लागेल तेवढे सगळे एकाच ताग्यातून घ्या. दोन ताग्यांच्या रंगात सूक्ष्म फरक असतो आणि तो नेमका खांद्याच्या शिवणीवर दिसतो.

कटपीस आणि किलोवरचे कापड

मुलांचे कपडे, पिशव्या, उशांचे अभ्रे, पाठीचे पॅच यांसाठी कटपीसइतका चांगला सौदा नाही. पण किलोच्या भावाने घेताना मीटर काढून बघा. कापडाचे वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. १२० जीएसएमचे ५८ पन्ह्याचे कापड एका किलोत साधारण ५.६ मीटर बसते, २०० जीएसएमचे ३.४ मीटरच. जाड कापड किलोवर स्वस्त वाटते, मोजल्यावर तसे राहत नाही. तुकडा दोन मीटर आहे असे सांगितले तरी सलग आहे की मध्ये जोड आहे ते पाहा आणि भोके शोधायला उजेडासमोर धरा.

घरपोच मागवताना पन्हा, जीएसएम आणि धाग्याचे प्रमाण लिहिलेले असेल तरच मागवा. नमुन्याचा तुकडा मिळत असेल तर आधी तो मागवा.

कात्री लावण्यापूर्वी

सुती आणि रेयॉन आधी पाण्यातून काढावे. किती आटेल ते पाहायचे असेल तर कोपऱ्यात २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. एक सेंटिमीटर कमी झाला तर आट चार टक्के, म्हणजे अडीच मीटरमागे दहा सेंटिमीटर. दुकानात माप सांगतानाच हे धरून चाला. अस्तरही धुवून घ्या. वरचे कापड आटलेले आणि अस्तर कोरे, असे शिवलेले ब्लाउज पहिल्या धुण्यातच गोळा होते.

सुई कापडाप्रमाणे बदला: जॉर्जेट-शिफॉनला ११ नंबर, पॉपलिन-कॅम्ब्रिकला १४, डेनिमला १६, होजिअरीला बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई. टाके सुटत असतील तर मशीन उघडण्याआधी सुई बदलून पाहा. तरीही सुटले तर मशीनसोबत त्या कापडाची वीतभर पट्टी आणि वापरलेले रीळ घेऊन या. तुमच्याच कापडावर तुमच्यासमोर धाग्याचा ताण लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.