किती लिटरची सॅक घेऊ? सामान घेऊन या, मग सांगतो

फोनवर आम्हाला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘आठ दिवसांच्या प्रवासाला किती लिटरची सॅक लागेल?’ आमचं उत्तर दरवेळी तेच असतं आणि ऐकणाऱ्याला दरवेळी ती टाळाटाळ वाटते. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

दिवसांवरून सॅक ठरत नाही. कपड्यांचे तीन जोड घेऊन निघालेला माणूस चौथ्या दिवशी कपडे धुतो. मग तो आठ दिवस फिरो की दोन महिने, सॅक तेवढीच. जागा खातात त्या गोष्टी वेगळ्याच. बुटांचा दुसरा जोड, जाड जॅकेट, चार्जर-वायरींचा गुंता आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून उचललेलं सगळं. हे तुमच्याकडे किती आहे ते फोनवरून आम्हाला कसं कळणार?

आधी सॅक, मग सामान, ही खरी चूक. रिकामी सॅक दुकानात पाठीला लावली की कुठलीही झकास बसते, ६० लिटरचीसुद्धा. घरी भरायला घेतली की कोपरा रिकामा दिसतो, आणि रिकामा कोपरा कुणाला बघवत नाही. तिथे छत्री जाते, छत्रीशेजारी तिसरी पँट. निघायच्या आदल्या रात्री काटा तेरा किलो दाखवतो आणि सकाळी दुकान उघडायच्या आत आमचा फोन वाजतो: ‘बदलून मिळेल का?’ अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे अंथरूणच विकत घ्यायचंय. तेव्हा पाय आधी मोजा.

म्हणून सांगतो, येताना सामान घेऊन या. कशातही भरून आणा. एकांनी चादरीत गाठोडं बांधून आणलं होतं, तेही चाललं. आम्ही ते टेबलावर मांडतो, वजन करतो आणि मगच सॅक काढतो. अर्धा तास मोडतो, कबूल. काहींना हे खाजगी गोष्टींत नाक खुपसणं वाटतं. त्यांनी हवं ते बंद पिशवीत ठेवावं, आम्हाला फक्त पिशवी केवढी आहे तेवढं बघायचं असतं.

मागे एक बाई ४५ लिटरची घ्यायचीच असं ठरवून आल्या होत्या. सामान फार नव्हतं, पण प्रत्येक वस्तू पाऊचमध्ये, तो पाऊच दुसऱ्या पाऊचमध्ये, आणि औषधं एका टणक प्लास्टिकच्या डब्यात. डबा पाऊण रिकामा. आम्ही नुसते पाऊच आणि तो डबा काट्यावर ठेवले. ६४० ग्रॅम भरले. बाईंना ते आवडलं नाही. थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या आणि मग स्वतःशीच म्हणाल्या, ‘तीन चार्जर कशाला घेतलेत मी?’ जाताना ३० लिटरची घेऊन गेल्या. मोठी विकली असती तर आमचा गल्ला जास्त भरला असता, पण ती परत आली असती.

पाठीचं माप

लिटर ठरले की पाठ मोजायची. उंचीवरून अंदाज करू नका, उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक मणका वर येतो. तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर अंगठे मागे ज्या रेषेत येतात, तिथपर्यंत टेप धरायचा. ही पाठीची लांबी. स्वतःची स्वतःला मोजता येत नाही, आम्ही मोजून देतो. आमच्या सॅक तीन मापांत असतात त्या याचसाठी.

‘खांदे दुखतात’ ही तक्रार आली की आम्ही सॅक बघायच्या आधी पट्टे बांधून दाखवायला सांगतो. बहुतेकांचा हात आधी खांद्याच्या पट्ट्याकडे जातो. क्रम उलटा आहे. सगळे पट्टे सैल सोडा, कमरेचा पट्टा हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळा, मग खांदे, शेवटी छातीचा बंद. बराचसा भार कमरेने घ्यायचा असतो. पट्टा पोटावर आला तर तो कामाचा नाही.

केबिनमध्ये नेणाऱ्यांसाठी

५५ × ४० × २० सेंटिमीटर हे बऱ्याच ठिकाणी चालणारं माप आहे, पण विमानकंपनीगणिक फरक असतो, तेव्हा तुमच्या तिकिटावरचा नियम शेवटचा. या मापाचा गुणाकार ४४ लिटर येतो. प्रत्यक्षात जागेआधी वजनच संपतं, कारण मर्यादा बहुधा सात ते दहा किलो असते. ‘चाकांची बॅग का ठेवत नाही?’ याचं उत्तरही इथेच आहे. चाकं, दांडा आणि सांगाडा धरून रिकामी बॅगच अडीच किलोच्या आसपास जाते. सातातले अडीच गेल्यावर उरलं काय? ज्यांची पाठ किंवा गुडघे साथ देत नाहीत त्यांनी मात्र चाकांचीच घ्यावी, आमच्याकडे नाही मिळाली तरी.

कपडे दाबून ठेवायच्या पिशव्या आम्ही विकतो, पण त्यातून हवा जाते, वजन जात नाही. हे बिल करतानाच सांगतो, तरी लोक चार घेतात.

द्रवपदार्थांना अजूनही अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची अट आहे. बाटलीवर लिहिलेलं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. आमची स्वतःची २०० मिलिलिटरची शाम्पूची बाटली, तळाशी चार थेंब उरलेले, अशीच काढून घेतली होती. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच लागते, चेक-इन सामानात चालत नाही. मर्यादा साधारणपणे १०० वॅट-तास. २०,००० मिलिअँपिअर-तासाची म्हणजे ७४ वॅट-तास, ती बसते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. सुती कपडा लवकर वाळत नाही. पॉलिएस्टर झटकन वाळतं, पण दुसऱ्या दिवशी वास मारतं. मेरिनो लोकर ओलावा पिते आणि वासही धरत नाही, मात्र ती महाग. आमच्याकडे मेरिनोचे टी-शर्ट आहेत. पण घेण्याआधी घरातले दोन-तीन टी-शर्ट रात्री धुऊन, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि वाळत घाला. सकाळी जो अंगात घालता येईल तो प्रवासाचा. असा एखादा सापडला तर आमच्याकडून घेऊ नका.

चेन ‘खराब निघाली’

चेनीचे दात क्वचित जातात. जातो तो रनर, म्हणजे चेन लावताना सरकतो तो तुकडा. फुगलेल्या सॅकवर गुडघा ठेवून एका हाताने चेन ओढली की रनरचा जबडा फाकतो आणि मागून चेन उघडत जाते. दोन्ही कडा एका हाताने जवळ धरा, दुसऱ्या हाताने ओढा. आम्ही विकलेल्या सॅकचा रनर आम्ही बदलून देतो, पैसे घेत नाही. सॅक रिकामी आणि कोरडी आणा, एवढीच अट. खाऊच्या चुऱ्यासकट आलेल्या सॅक आम्ही साफ केल्या आहेत, पुन्हा करणार नाही.

सॅक वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. आतला लेप सुटतो. ओली घडी करून कपाटात ठेवली तर तोच लेप वर्षा-दोन वर्षांत चिकट होतो आणि त्याला आमच्याकडेही औषध नाही. कापड पाणी अडवतं म्हणजे सॅक पाणी अडवते असंही नाही. शिलाईतून आणि चेनीतून पाणी शिरतंच. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरा. ही पिशवी सॅकसोबत आम्ही देतो, बरेच जण ती कचरा समजून टाकून देतात.

सॅक बदलून हवी असेल तर ती न वापरलेली आणि लेबल लावलेली असावी. प्रवास करून आलेली बदलून देत नाही. कुणीतरी पाठीवर घामेजवलेली सॅक तुम्हालाही नवी म्हणून नको असेल.

येताना जड बूट पायात घालून या, हलका जोड सामानात ठेवा, प्रवासातही तसंच करायचंय. आणि आधी फोन करा. टेबल एकच आहे.