क्लाउड शेलमधून सिक्युरिटी स्कॅन: हे इथवर आलं कसं

आपल्या नागपुरात आयटी पार्क असो की मिहान, एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, काम करणारे पोट्टे आता प्राउलर हे क्लाउड अकाउंटमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणारं टूल सरळ ब्राउझरमधल्या क्लाउडशेलमध्ये, म्हणजे कमांड टाकायच्या खिडकीत, चालवतात, लॅपटॉपवर काही टाकतच नाहीत, आणि नवीन आलेल्याला वाटतं की हे पहिल्यापासून असंच होतं. तसं नाहीये.

1995 ला डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी सेटन हे स्कॅनर काढलं, त्याचा रिझल्ट तेव्हाही ब्राउझरमध्येच दिसायचा बरं का! मग 1997 ला एनमॅप, 1998 ला नेसस. ही सगळी टूल्स नेटवर्कवरून मशीन तपासायची, कोणतं पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) उघडं, कोणती सर्व्हिस जुनी.

क्लाउडमध्ये तेवढ्यानं भागत नाही. सगळे पोर्ट बंद असले तरी एखादी एस3 बकेट (फाइली ठेवायची जागा) पब्लिक राहून जाते, आयएएम रोलला, म्हणजे परवानग्या जोडलेल्या ओळखीला, नको तेवढ्या परवानग्या असतात, आणि हे कळायला अकाउंटच्या आत शिरून क्लाउडच्या एपीआयलाच (प्रोग्रामनं माहिती मागायचा मार्ग) विचारावं लागतं. 2016 ला सीआयएस या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा एडब्ल्यूएस बेंचमार्क, म्हणजे सुरक्षित सेटिंगची यादी, आला, त्याच वर्षी एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटर, सुरू झालं आणि टोनी दे ला फुएन्ते यांनी प्राउलर सुरू केलं, तेव्हा ते साधं बॅश या कमांड स्क्रिप्टच्या भाषेत होतं. 2019 च्या कॅपिटल वन या अमेरिकन बँकेच्या प्रकरणात फायरवॉलची सेटिंग चुकीची आणि रोलला अधिकार जास्त, त्यातून अमेरिकेतल्या सुमारे 10 कोटी लोकांची माहिती गेली.

आता आत शिरायचं म्हणजे ॲक्सेस की, म्हणजे पासवर्डसारखा कोड, लागते, आणि खरी भानगड तिथंच होती. स्कॅनरची की म्हणजे अख्खं अकाउंट बघू शकणारी की, आणि ती लॅपटॉपवर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पडून राहायची, लॅपटॉप गेला की कीसुद्धा गेली. मग ब्राउझरमधली शेल आली: गूगलनं क्लाउड शेल 2015 ला आणलं, ॲझ्युरनं 2017 ला, एडब्ल्यूएसनं डिसेंबर 2020 ला. एडब्ल्यूएसच्या शेलमध्ये कन्सोलच्या (एडब्ल्यूएसच्या वेबपानाच्या) लॉगिनचेच क्रेडेन्शियल वापरले जातात, वेगळी की बनवायचीच नाही. इन्स्टॉलची कटकट वाचते ते ठीक, पण मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

मात्र हे शेल छोट्या कामासाठी बनलेत. एडब्ल्यूएसमध्ये होम फोल्डरला दर रीजनला 1 जीबीच जागा, म्हणून प्राउलर टेम्प (तात्पुरत्या) फोल्डरमधून चालवतात, आणि 20-30 मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की सेशन बंद, मागे स्कॅन चालू असला तरी तो धरतच नाहीत, टेम्पमधला रिपोर्टही त्यासोबत जातो. म्हणून मोठं अकाउंट असेल तर एकेक सर्व्हिस घेऊन स्कॅन करा आणि रिपोर्ट लगेच उतरवून घ्या. आणि ॲडमिननं लॉगिन केलं तर स्कॅनरही ॲडमिन म्हणूनच चालतो, हे बरेच जण विसरतात, स्कॅनरला सिक्युरिटी-ऑडिट आणि व्ह्यू-ओन्ली या दोन पॉलिसी (परवानग्यांचे संच) जवळपास पुरतात, तेव्हा तेवढाच रोल बनवून त्यानंच आत जा.