अवजड यंत्रचालक

अवजड यंत्रचालक : माती व खडक खोदणे, उचलणे, पसरणे, दाबणे किंवा फोडणे यांसाठीची इंजिनावर चालणारी यंत्रे हाताळणारा कुशल कामगार. बांधकामावर त्याला ‘ऑपरेटर’ म्हणतात. पुणे परिसरात मुख्यतः बॅकहो लोडर (पुढे माती भरणारा लोडर व मागे खोदणारा बॅकहो असलेले यंत्र; बोलीत जेसीबी) व साखळीपट्ट्यांवर चालणारा एक्स्कॅव्हेटर (खोदयंत्र; बोलीत पोकलेन) वापरात आहेत. रस्त्यांच्या कामांवर जमीन समतल करणारा ग्रेडर, माती ढकलणारा डोझर व दाबणारा रोलरही असतात. अशा यंत्रांचे कारखाने तळेगाव व चाकण येथे आहेत.

बॅकहो लोडरच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा हायड्रॉलिक बॅकहो अमेरिकेत वेन-रॉय या कंपनीने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवला. ब्रिटनमध्ये जे. सी. बॅमफर्ड यांचे यंत्र १९५३ चे मानले जाते, तर कारखान्यातच एकसंध बांधलेल्या यंत्राचे श्रेय अमेरिकेतील केस कंपनीला (१९५७) दिले जाते. पुढे लोडर व मागे बॅकहो अशी जोडी एकाच ट्रॅक्टरवर बसणे हा निकष धरला, तर १९५३ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. पूर्ण वर्तुळात फिरणारा हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर पोकलेन या फ्रेंच कंपनीने १९६१ च्या सुमारास आणला. दोन्ही यंत्रे अशी वेगळ्या वाटांनी घडली आणि त्याचा परिणाम आजही लिव्हरांच्या मांडणीत जाणवतो.

एक्स्कॅव्हेटरवर सामान्यतः आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची) मांडणी असते. यंत्राला जोडलेला मोठा दांडा म्हणजे बूम, त्यापुढचा दांडा म्हणजे आर्म आणि टोकाला खोदणारी बकेट. डावा लिव्हर पुढे-मागे केला की आर्म बाहेर-आत होते, डावी-उजवीकडे केला की यंत्र फिरते. उजवा लिव्हर मागे ओढला की बूम उचलते, पुढे ढकलला की उतरते. तोच आडवा हलवून बकेट मिटते-उघडते. बॅकहो मांडणीत मात्र बूम डाव्या हाताला व आर्म उजव्या हाताला येते. वर्षानुवर्षे या सवयीत मुरलेला चालक पोकलेनवर बसला, की घाईच्या क्षणी बूम उचलायला डावा लिव्हर मागे ओढतो; बकेट वर जाण्याऐवजी यंत्राकडे ओढली जाते, आणि चरात केबल किंवा पाइप असेल तर नेमका तोच तुटतो. काही यंत्रांत मांडणी बदलण्याचा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे ओळखीच्या मॉडेलवरही विसंबू नये. यंत्र बदलले की बकेट जमिनीपासून थोडी वर धरून, आसपास कोणी नसताना, प्रत्येक हालचाल सावकाश करून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

बहुतेक चालक हेल्पर म्हणून सुरुवात करून उस्तादाच्या हाताखाली शिकतात. ग्रीस मारणे, बकेटचे दात बदलणे, डंपर लावून घेणे यांत हात बसतो. हायड्रॉलिक दाब, उताराची मर्यादा व भार-तक्ता (किती अंतरावर किती वजन उचलता येते ते दाखवणारा) वाचणे मात्र बऱ्याचदा राहून जाते. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत या बाबी येतात आणि परीक्षेनंतर प्रमाणपत्र मिळते. पुण्यात लष्करी परंपराही जुनी आहे : खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र व दिघी कॅम्पला सीमा रस्ते संघटनेचे ग्रेफ (जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स) केंद्र आहे. संघटनेत ‘ऑपरेटर एक्स्कॅव्हेटिंग मशिनरी’ हे स्वतंत्र पद आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चाकांवरचे बांधकाम यंत्र हे बिगर-वाहतूक वाहन ठरते. रस्त्यावरून जाणे हे त्याचे दुय्यम काम असून त्यासाठी ताशी ५० किमी ही मर्यादा आहे. रस्त्यावर आणायचे तर नोंदणी व चालकाकडे योग्य वर्गाचा परवाना लागतो. मात्र परवान्यावरून खोदकामाचे कौशल्य ठरत नाही. साखळीपट्ट्यांचे यंत्र लोबेड (कमी उंचीच्या) ट्रेलरवरून नेतात.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी सपाट जागेवर इंजिन ऑइल, कूलंट व हायड्रॉलिक ऑइलची पातळी पाहतात. दातांच्या पिना, होज (ऑइलच्या लवचिक नळ्या) व सांध्यांचे पिन-बुश तपासून ग्रीस भरतात. होजची बारीक गळती हाताने चाचपू नये : दाबाखालचे ऑइल कातडीत शिरते व जखम वरून क्षुल्लक दिसली तरी बोट गमावावे लागू शकते. पुठ्ठा धरून पाहावे. पावसाळ्यात काळी माती स्प्रॉकेटमध्ये (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात) चोंदून साखळी ताणली जाते आणि झीज वाढते. सैल साखळी वळताना उतरते. म्हणून माती काढल्यावरच ताण मोजतात. टर्बो इंजिन बंद करण्यापूर्वी ३ ते ५ मिनिटे रिकामे चालू ठेवतात.

पुण्याच्या जमिनीत काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा कातळ लागतो. मुरूम बकेटने निघतो, कातळाला ब्रेकर (बकेटच्या जागी बसवायचा हायड्रॉलिक हातोडा) लावावा लागतो. त्याची छिन्नी दगडाला काटकोनात टेकवून, यंत्राचे वजन तिच्यावर देऊन मगच ठोके सुरू करतात. एकाच जागी १५ ते ३० सेकंदांत तडा गेला नाही, तर छिन्नी काठाकडे सरकवावी. तिथेच ठोकत राहिल्यास टोक तापून मऊ पडते. दगड फुटताच ठोके थांबवले नाहीत तर ते रिकामे पडतात आणि धक्का ब्रेकरच्याच पिना व बोल्टांवर येतो. छिन्नीने दगड उचकटणे हे ती मोडण्याचे नेहमीचे कारण. साधारण दर दोन तासांनी, छिन्नी दाबलेल्या अवस्थेत, ग्रीस देतात. ती लोंबत असताना दिलेले ग्रीस ठोक्याच्या पोकळीत जाऊन सील खराब करते.

चराबाबत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा संहितेचा आधार घेतात : काढलेली माती कडेपासून १.५ मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे अधिक असेल तितकी दूर ठेवावी. १.५ मीटर वा अधिक खोल चराच्या बाजू पायऱ्यांच्या किंवा उताराच्या कराव्यात, नाहीतर आधार द्यावा. पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत एवढी जागा मिळत नाही, म्हणून माती लगेच डंपरमध्ये भरावी लागते. भरताना बकेट डंपरच्या मागून किंवा बाजूने आणतात, केबिनवरून फिरवत नाहीत. जलवाहिनी, वीज व गॅस यांच्या नकाशावरील खुणांजवळ यंत्र थांबवून उरलेले खोदकाम टिकाव-फावड्याने करतात.