ऑइल गळतंय की प्रेशर पडलंय?

जुन्या गाडीत तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला की लोक लिटरभर ऑइल ओततात आणि पुढे निघतात. पार्किंगमध्ये फरशीवर चार थेंब दिसले की तेच लोक 'प्रेशर गेलं' म्हणून घाबरतात. ऑइल किती आहे ते पट्टी (इंजिनमधून ओढून बघायची डिपस्टिक) सांगते, दिवा सांगत नाही. दिवा फक्त दाब सांगतो, आणि तोही अगदी तळाला गेल्यावर. बहुतेक जुन्या गाड्यांत चार-पाच पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास.

गळती शोधणं सोपं आहे. इंजिन रॉकेलने पुसा, वीसेक किलोमीटर फिरवा आणि सगळ्यात वरची ओली जागा बघा. तेल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे जातं, म्हणून थेंब जिथे पडतो तिथेच दोष असतो असं नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग पाझरत असताना क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला, असं होऊ देऊ नका.

खरा घोळ दाबाचा. पंप दाब तयार करत नाही, तो नुसतं ऑइल ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्या बारीक फटीतून ते सहज निसटत नाही, म्हणून दाब उभा राहतो. नळाच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबावं, तसं. बेअरिंग झिजलं की अंगठा सैल पडतो. ऑइल फटीतून निसटून चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातच, परत पडतं. बाहेर एक थेंब नाही, पट्टी फुल, आणि दिवा मात्र लागलेला. उलट बाजूने, गळक्या गाडीचा दाब शेवटपर्यंत ठणठणीत राहतो; लेव्हल इतकी उतरली की पंपाची जाळी हवा ओढू लागली, तेव्हाच तो पडतो.

म्हणून दिवा कधी लागतो ते बघा. वळणावर, ब्रेक दाबल्यावर किंवा चढावर लागला, तर आधी पट्टी काढा, ऑइल कमी असणार. इंजिन तापल्यावर सिग्नलला उभं असताना मिणमिणला आणि जरा रेस दिल्यावर विझला, तर झीज, पातळ झालेलं ऑइल किंवा बिघडलेला ऑइल प्रेशर स्विच (दाब पडला की दिवा लावतो तो). चालत्या गाडीत लागून राहिला, तर त्याच क्षणी इंजिन बंद. गॅरेज दोनशे मीटरवर असलं तरी टो करून न्या.

आमच्या मारुती ८०० चा दिवा मे महिन्यात कात्रज घाट चढून आल्यावर असाच मिणमिणायला लागला. पट्टी फुल होती. एका गॅरेजने इंजिन खोलायला सांगितलं. मी ऑइल प्रेशर स्विचची वायर काढली, तर सॉकेटमध्ये तेल साचलेलं. स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा मीटर लावला. तापलेल्या इंजिनला, आयडलिंगवर (रेस न देता) १४ पीएसआय. हजार आरपीएमला (मिनिटाला हजार फेऱ्यांना) दहा पीएसआय या ढोबळ हिशेबात हे उत्तम. स्विच आतून फाटला होता. गळतही तोच होता आणि खोटा दिवाही तोच लावत होता. नवा स्विच स्वस्त मिळतो. मीटर लावल्याशिवाय इंजिन खोलायला कधीही हो म्हणू नका.

दाब वाढावा म्हणून जाड ऑइल भरणं मला अजिबात पटत नाही. दिवा विझतो, पण बेअरिंगची झीज तशीच राहते आणि गार इंजिनला ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतो. पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे भरणंही तसंच वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो, फेसात हवा असते आणि दाब आणखी पडतो.

आणि चेंबरच्या पॅकिंगवर बोटभर सिलिकॉन थापू देऊ नका. बाहेर आलेला पट्टा दिसतो, तेवढाच आतही दाबला जातो आणि पुढे तुटून तेलात पडतो. गळती बंद झाल्यावर काही महिन्यांनी दिवा लागला आणि चेंबर उतरवलं, तर पंपाची जाळी त्याच तुकड्यांनी बुजलेली सापडते.