दाराचे रबर आणि दारातला प्लॅस्टिकचा कागद: केबिनमधले पाणी नेमके कोणामुळे?

पिकअपच्या केबिनमध्ये पायाखाली पाणी साचले की आमच्या कोकणात निदान एकच होते: ‘दाराचे रबर गेले.’ मग रबर बदलले जाते. पुढच्या मोठ्या सरीत पाणी पुन्हा येते, तेव्हा ‘रबर डुप्लिकेट निघाले’ असे ठरते आणि दुसरे रबर येते. तेही हरले की सिलिकॉनची नळी बाहेर निघते, आणि त्यानंतर दाराची जी अवस्था होते ती पाहवत नाही. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथील गाडीवाल्यांनी तरी हा घोळ दरवर्षी नव्याने घालू नये, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. त्या रबरांपैकी एकाचे पैसे मीही भरलेले आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

ज्या गोष्टींत फारशी गफलत होत नाही, त्या आधी बाजूला काढू. कडक उन्हात एसी लावल्यावर डाव्या बाजूच्या पायाशी स्वच्छ, थंड पाणी येत असेल, तर ते पावसाचे नव्हे. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली आहे. पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचे असेल, तर ते कूलंट आहे आणि त्यासाठी मेकॅनिकच गाठावा. पाणी डॅशबोर्डच्या मागून, पेडलांवर किंवा फ्यूजबॉक्सवर ठिबकत असेल, तर समोरच्या काचेची कड आणि वायपरखालच्या जाळीत अडकलेला पाला तपासावा. उरले ते पाणी दाराच्या बाजूचे. सीटशेजारी, उंबरठ्यालगत, मॅटखाली साचणाऱ्या या पाण्यावर दोन संशयित असतात. त्यांतला एक सर्वांच्या ओळखीचा आहे. दुसऱ्याचे अस्तित्वच पुष्कळांना ठाऊक नसते.

ओळखीचा संशयित म्हणजे दाराचे रबर. त्याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. दार आणि केबिनची चौकट यांच्यामधली फट ते बंद करते. ते कडक होते, कोपऱ्यात सुटते, चेमटते. बिजागरीची पिन झिजून दार खाली बसले, तर चांगले रबरही वरच्या कोपऱ्यात टेकत नाही. तपासणी सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडत अडत आली तर रबर ठीक, सरकन निसटली तर त्या जागी दाब नाही. अशी पट्टी दाराच्या चारही बाजूंना हात-दीड हाताच्या अंतराने फिरवायला दहा मिनिटे पुरतात, आणि एवढी दहा मिनिटे न देता नवे रबर विकत आणणाऱ्यांचे मला आजही नवल वाटते.

आता खरा घोळ. तो रबराविषयीचा नसून दाराविषयीचाच आहे. दार ही बंद पेटी आहे आणि तिच्या आत पाणी जाताच कामा नये, अशी आपली पक्की समजूत असते. प्रत्यक्षात पावसात प्रत्येक गाडीच्या दारात पाणी जाते, अगदी शोरूममधून आजच निघालेल्या गाडीच्याही. काच खाली-वर व्हायची म्हणजे तिच्या बाहेरच्या बाजूला असलेली रबरी पट्टी काचेला चिकटवून टाकता येत नाही, ती नुसती टेकलेली असते. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यातले बरेचसे ती बाहेर वळवते आणि उरलेले काचेबरोबर दाराच्या पोटात उतरते. गाडी बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेले असते, म्हणूनच दाराच्या तळाशी दोन-तीन भोके ठेवलेली असतात. पाणी काचेवरून उतरते, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने खाली येते आणि त्या भोकांतून रस्त्यावर पडते. दार ही खरे तर उभी पन्हळ आहे.

पण या पन्हळीची केबिनकडची भिंत अखंड नसते. काच चढवायची मशीन, लॉकच्या काड्या आणि स्पीकर बसवण्यासाठी आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके पाडलेली असतात. त्यांतल्या एखाद्यातून पंजा सहज आत जातो. मशीनवर, काड्यांवर, काचेच्या खालच्या कडेवर आपटून उडणारे पाणी या भोकांतून केबिनकडे येऊ शकते. ते येऊ नये म्हणून त्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा एक कागद काळ्या, चिकट ब्यूटाइलच्या (एक प्रकारच्या रबराच्या) पट्टीने डकवलेला असतो आणि त्यावर डोअर पॅड, म्हणजे दाराचे केबिनच्या बाजूने दिसणारे आवरण, बसतो. पॅड काढल्याशिवाय हा कागद दिसत नाही, त्यामुळे तो कोणाच्या लेखी नसतोच. कोणी लक्ष दिलेच, तर ‘हे पॅकिंगचे प्लॅस्टिक काढायचे राहिलेले दिसते’ असे म्हणून ते फाडून टाकतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. स्पीकर बसवणाऱ्याने कागद चुरगाळून फेकला, पॅड झटक्यात बसवला, आवाजही उत्तम आला. तो मार्च महिना होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चालकाच्या पायाखालची मॅट पाण्यावर तरंगू लागली आणि मी अर्थातच रबर विकत आणायला गेलो.

रबर बदलून हे पाणी का थांबत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण सगळा खर्च याच ठिकाणी वाया जातो. दार लावल्यावर रबर जेथे टेकते ती एक रेषा मानावी. तिच्या बाहेर पाऊस, आत केबिन. डोअर पॅडची कड या रेषेच्या आत, म्हणजे केबिनच्या बाजूला असते. कागद फाटलेला असेल, तर दारातले पाणी आतल्या पत्र्याच्या भोकातून पॅडच्या मागे येते, पॅडच्या खालच्या कडेतून बाहेर पडते आणि उंबरठ्यावर उतरते. हा सगळा प्रवास रबराच्या आतल्या बाजूने होतो. रबराला त्या पाण्याचा स्पर्शही होत नाही. मागीलदारातून घरात शिरलेल्याला पुढच्या दाराचे कुलूप कितीही भारी असले तरी काय फरक पडणार? जुने रबर असो, नवे असो, दुप्पट जाडीचे असो, या पाण्यापुढे सगळी सारखीच निरुपयोगी.

दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे मॅट पाहून कळत नाही, कारण दोन्ही पाणी शेवटी तेथेच साचते. ते कळते डोअर पॅड पाहून. गळती रबरातून असेल, तर पॅड कोरडा राहतो आणि ओल चौकटीवर, पिलरच्या कडेने, वरून खाली ओघळ काढत आलेली दिसते. गळती कागदातून असेल, तर चौकट वरून खालपर्यंत कोरडी असते आणि पॅडची खालची कड ओली. पॅडच्या खालच्या कडेमागे बोटे घालून पाहावे: बोटे ओली आली तर रबराचा विचार तेथेच सोडून द्यावा. पिकअपचे पॅड बहुधा पुठ्ठ्याचे आणि वरून रेक्झिनचे असतात, त्यामुळे जुनी गळती लपत नाही. खालची कड फुगलेली, क्लिपांच्या जागा चेपून मोकळ्या झालेल्या, आणि मागच्या बाजूला नकाशासारखे तपकिरी डाग व बुरशी, एवढे सगळे तेथे मांडून ठेवलेले असते. वेगाने जाताना दाराच्या वरच्या कोपऱ्यात शीळ वाजत असेल, तर मात्र रबरावरचा संशय रास्त आहे. गाडी अंगणात उभी असतानाच, पावसाच्या झोताची बाजू एका दाराला असताना रात्रभरात पाणी आले, तर मी आधी कागद पाहीन.

खात्री करून घ्यायची असेल तर पाण्याची चाचणी करावी, पण त्याआधी मॅट आणि तिच्याखालचा फोम काढून फरशी पूर्ण कोरडी करावी. फोमात मुरलेले पाणी आठ-आठ दिवस बाहेर येत राहते, आणि आज दिसलेली ओल गेल्या मंगळवारच्या पावसाची असू शकते. चाचणीसाठी बागेला पाणी घालायचा साधा पाइप घ्यावा. सर्व्हिसिंग सेंटरमधला प्रेशरचा फवारा दाराच्या कडेवर मारून ‘बघा, येतेय ना पाणी’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. त्या जोराने पाणी निरोगी रबराच्या आडूनही आत जाते. पाइपचे पाणी मंद ठेवावे आणि खालून वर जावे: आधी उंबरठा, मग दाराची उभी कड, मग काचेखालची पट्टी, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली की सगळे एकदमच भिजते आणि काहीच कळत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन दार लावून आत बसलेला हवा, आणि तेही डोअर पॅड काढून. पॅड काढताना काचेचे हँडल अडते. बऱ्याच हँडलांना मागे तारेचे छोटे लॉक असते, तेथे फडके घालून दोन्ही टोकांनी आलटून पालटून ओढले की ते टणकन निसटते. निसटलेले लॉक कोठे उडाले हे शोधण्यात मात्र अर्धा तास जातो, म्हणून खाली टॉवेल पसरावा.

मी स्वतः असा आत बसलो होतो तेव्हा बाहेरून पाणी काचेखालच्या पट्टीवर येईपर्यंत काहीच घडले नाही. मग लॉकच्या काडीवरून एक थेंब सरकत आला, भोकाच्या खालच्या ओठावर थांबला, फुगला आणि पत्र्यावरून केबिनच्या बाजूने खाली निघाला. त्याच्यामागे दुसरा, मग बारीक धारच. त्या वेळी नवे रबर सगळीकडे घट्ट टेकलेले होते, अगदी दुकानदाराने सांगितले होते तसे.

कागद नवा घालणे कठीण नाही, फक्त कोणता आणि कसा हे महत्त्वाचे. शेतात मल्चिंगसाठी वापरतात तो २५-३० मायक्रॉनचा कागद हलक्याशा ओढीनेही फाटतो, आणि शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद पत्र्याच्या वळणावर बसतच नाही. पॉलिहाऊसवर घालतात तो २०० मायक्रॉनचा कागद या कामाला उत्तम. एखाद्या शेतकरी मित्राकडे तुकडा मागितला तर फुकटही मिळतो. डकवायला ब्यूटाइलची पट्टीच वापरावी. सेलोटेप पहिल्या पावसात सुटते आणि सिलिकॉनने चिकटवलेला कागद पुढच्या वेळी काढताना फाटतो. हँडलच्या दांड्यापाशी आणि क्लिपांच्या भोकांपाशी कागद थोडा सैल सोडावा, ताणून बसवू नये. मात्र सर्वांत मोलाची गोष्ट खालच्या कडेची. कौले शाकारताना वरचे कौल खालच्यावर चढवतात, म्हणजे पाणी नेहमी बाहेरच ओघळते. येथेही तेच सूत्र आहे. कागदाची खालची कड आतल्या पत्र्याच्या खालच्या भोकातून दाराच्या पोटात सोडायची, म्हणजे कागदावर आलेले पाणी पुन्हा दारातच पडते. ती कड पत्र्यावर बाहेरून चिकटवून दिली, तर पाणी कागदाच्या मागे साठते आणि जेथे चिकटपणा कमी असेल तेथून केबिनमध्ये येते. मग लोक म्हणतात, ‘कागद घालूनही काही उपयोग झाला नाही.’

राहिली दाराच्या तळाची भोके. त्यांतून पाणी टपकताना पाहून ‘दार गळते आहे’ असे समजणारे आणि ती भोके एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. टपकते म्हणजेच ते दार काम करते आहे. ती बुजवली, किंवा जांभ्याच्या लाल मातीने अथवा अंडरकोटिंगच्या, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीखाली मारतात त्या डांबरासारख्या थराने ती आपसूक बुजली, की दारात पाणी साठत जाते. ब्रेक मारला की दारात डुचमळल्याचा आवाज येतो, तळ आतून कुजतो आणि पातळी कागदाच्या कडेच्या वर गेली की चांगला कागदही हरतो. म्हणून मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, प्रत्येक भोकात खराट्याची काडी घालून ती मोकळी करावी. स्क्रूड्रायव्हर घालू नये, आतला रंग खरवडला जातो आणि गंज तेथूनच धरतो.

सगळे झाल्यावर पॅड लगेच बसवू नये. काचेवर दहा मिनिटे पाइप धरावा, कागदाची केबिनकडची बाजू हाताने चाचपून पाहावी आणि मग खाली वाकून दाराच्या तळाकडे पाहावे. दोन्ही-तिन्ही भोकांतून पागोळ्यांसारखी धार लागलेली असेल आणि हात कोरडा असेल, तर पॅडच्या क्लिपा ठोकायला हरकत नाही.