खोल समुद्रातला ईल खातो तरी काय?

नागपूरच्या मंगळवारी बाजारात वाम घेतली की बाई आधी तिला राख चोळते, नाहीतर ती हातात ठरत नाही. मग पावशीवर पोट उभं चिरते. परवा आत अर्धवट पचलेले बारीक झिंगे निघाले. "झिंगेच खाल्ले हिनं, भाऊ," बाईनं बोटानं दाखवलं. आपली वाम खऱ्या ईलच्या कुळातली नाही, फक्त दिसायला तशी. पण खोल समुद्रातले ईल काय खातात, हे माणसाला शंभराहून अधिक वर्षं असंच कळत आलं: पोट चिरून.

खोल समुद्रातल्या, मोठ्या तोंडाच्या गल्पर ईलचं शास्त्रीय वर्णन १८८२ साली फ्रान्सच्या लेओं व्हायाँ यांनी केलं. जबड्याखालची पिशवी पेलिकन पक्ष्यासारखी, म्हणून जातीचं नाव ‘पेलेकॅनॉइडिस’. एवढं तोंड पाहून हा मोठमोठे मासे गिळत असेल असंच वाटतं. पोटात मात्र बहुतेक लहान कवचधारी जीव सापडले, झिंग्यांचेच भाऊबंद. कधी एखादा मासा, कधी म्हाकूळ. दातही अगदी बारीक. मोठ्या तोंडाचा मोठ्या घासाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या पद्धतीत एक खोट होती. जाळ्यात कोंडलेला मासा वर येईपर्यंत शेजारचंही गिळतो, त्यामुळे पोटातला कोणता घास समुद्रातला आणि कोणता जाळ्यातला, हे ठरवणं अवघड. म्हणून जिवंत मासा त्याच्या जागी दिसण्याला एवढं महत्त्व. सप्टेंबर २०१८ मध्ये हवाईच्या वायव्येला ‘नॉटिलस’ या संशोधन जहाजाच्या पाणबुडी कॅमेऱ्यासमोर एका लहान गल्परनं तोंड फुग्यासारखं फुगवलं आणि थोड्या वेळानं ते पुन्हा आवळून घेतलं.

तरीही पावशीची जागा कॅमेऱ्यानं घेतलेली नाही. आखूड, बोथट तोंडाचा सायमेनकेलिस हा ईल एरवी तळाशी पडलेल्या मेलेल्या माशांचं मांस खातो. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टॉक बंदरात ३९५ किलोचा एक माको शार्क आणला गेला. चिरल्यावर त्याच्या हृदयात दोन सायमेनकेलिस निघाले. गळाला अडकून शार्क मरणपंथाला लागला असताना ते आत शिरले असावेत, असा अभ्यासकांचा कयास. मग त्या दोघांचीही पोटं उघडली. आत रक्त होतं.