रूळ मोजणारा डबा आणि कोकणातली दरड

कोकणातल्या एखाद्या स्थानकावर मागे मोठी काच असलेला डबा उभा दिसला, की तो 'साहेबांचा डबा' असे धरून चालण्याची रीत आहे. हा समज निम्माच खरा आहे. मागे पडत जाणारा मार्ग काचेतून न्याहाळण्यासाठी अधिकाऱ्यांना दिलेला पाहणीचा डबा वेगळा आणि चालता चालता स्वतः मोजमाप टिपणारा, ट्रॅक रेकॉर्डिंग कार म्हणून ओळखला जाणारा डबा वेगळा.

या दुसऱ्या डब्याच्या आधी पुश ट्रॉली होती आणि ती अजूनही आहे. ट्रॉलीमन ती ढकलणार आणि वर बसलेला अभियंता रुळांकडे पाहत जाणार. पुढे धावत्या गाडीतले हादरे लंबकांच्या मदतीने कागदी पट्टीवर उमटवणारे हॅलाडे यंत्र आले. त्यानंतरच्या अ‍ॅम्सलर डब्यात चाचपणी करणारी चाके थेट रुळाला टेकत आणि त्यांची हालचाल आलेखावर उतरे. लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे संशोधन संस्थेने, चालवलेल्या आजच्या डब्यांत लेझर आणि संगणक आहेत. मोजायचे मात्र पूर्वीचेच आहे: दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटरचे अंतर कुठे वाढले वा घटले, रूळ कुठे खचला, रेषेतून कुठे सरकला आणि थोड्याच लांबीत त्यांच्या पातळीतला फरक किती बदलला. या शेवटच्या दोषाला 'पीळ' म्हणता येईल. तोच सर्वांत घातक, कारण त्यात एका चाकावरचा भार हलका होऊन ते रुळावर चढू शकते.

रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला, तेव्हा या डब्याला तपासायला नवाकोरा मार्ग मिळाला. प्रश्न रुळांचा नव्हताच. नव्वदहून अधिक बोगदे आणि त्यांच्यामधून डोंगर कापून काढलेल्या खोल कटिंग्ज, त्यावर कोकणातला पाऊस. जांभा आणि माती पाणी पिऊन सुटली, की दरड मिनिटभरात खाली येते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी १६ जून रोजी महाडनजीक करंजाडीजवळ झालेले भीषण अपघात रुळावर आलेल्या दरडींमुळे घडले. गाड्यांच्या भाराने मार्ग हळूहळू कसा बिघडतो, हे काही महिन्यांच्या अंतराने फिरणारा डबा नेमके सांगतो. उद्या रात्री कोणता दगड सुटेल, हे त्याच्या आलेखावर कधीच उमटत नाही.

म्हणून त्यानंतरचा खर्च प्रामुख्याने उतारांवर झाला. उतार मंद केले गेले, जाळ्या बांधल्या गेल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग उतरवला गेला आणि गस्त वाढली. मोजणारा डबा आपल्या फेऱ्या करतोच. पण जून लागला, की कटिंगमधून पायी जाणाऱ्या गस्तीवाल्याच्या हाती कंदील आणि रुळावर ठेवायचे फटाके असतात आणि पुढे दरड दिसली, तर येणारी गाडी त्यालाच थांबवावी लागते.